लोणी, मीठ आणि मार्था मंडळाच्या बायका

बीपीबद्दलचा भाग झाल्यावर गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला आलाय हार्टॲटॅक? तो तर बसून खाणाऱ्यांचा आजार." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या जिल्ह्याची गोष्ट सांगणार आहोत. तिथली माणसंही राबणारीच होती, आणि तिथे जे घडलं त्यात आपल्यासारख्याच महिला मंडळांचा मोठा हात होता.

युरोपच्या अगदी उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. त्याच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया हा जिल्हा. सगळीकडे जंगल, तळी, आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फ. १९७२ साली तिथली लोकसंख्या होती साधारण एक लाख ऐंशी हजार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पुरुष जंगलात लाकूडतोड करायचे, घरोघरी छोटी शेती आणि चार-दोन गाई. दुसऱ्या महायुद्धात या भागाने फार सोसलं होतं. युद्ध संपल्यावर हळूहळू गोठे भरले, घरात दूधदुभतं आलं. ज्यांनी उपासमार पाहिली, त्यांच्या ताटात लोणी आलं की ते हात आखडून थोडंच वाढतात? पावावर लोण्याचा जाड थर, जेवणाबरोबर पेलाभर सायीचं दूध, मिठात मुरवलेलं डुकराचं चरबीदार मांस. भाजीपाला म्हणजे गुरांचं खाणं, अशी समजूत. आणि निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढणारे.

आता राबण्याचा मुद्दा. १९५० च्या दशकाच्या शेवटी ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी सुरू केली. त्यात या पूर्व फिनलंडचे लाकूडतोडे आणि शेतकरी होते. दिवसभर कुऱ्हाड चालवणारी, बर्फातून मैलोनमैल चालणारी ही माणसं. तरीही त्या सात देशांत हृदयविकाराने सगळ्यात जास्त दगावली ती हीच. कष्टाने शरीराचं भलंच होतं, ते आम्ही नाकारत नाही. पण रक्तात साठत जाणारी चरबी, नसांवरचा दाब आणि तंबाखू या तिघांना एकटे कष्ट पुरे पडत नाहीत. रानात राबणाऱ्या बाईने किंवा तिच्या कारभाऱ्याने "आपल्याला काही होत नाही" असं धरून चालू नये, ते यासाठी.

किती माणसं जात होती ते ऐका. १९७० च्या आसपास उत्तर कारेलियात ३५ ते ६४ वयाच्या दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला ६७२ पुरुष हृदयविकाराने मरत. फिनलंडमधला हा सगळ्यात वाईट आकडा, आणि फिनलंड त्या वेळी जगात सगळ्यात वर होता. कर्ता माणूस पन्नाशीच्या आत जातो तेव्हा मागे काय उरतं ते तुम्हाला सांगायला नको. अर्धी कसलेली जमीन, शाळेतली पोरं आणि गोठ्यातल्या गाई सांभाळणारी एकटी बाई.

शेवटी लोकच उठले. जानेवारी १९७१ मध्ये जिल्ह्याचे गव्हर्नर, खासदार आणि निरनिराळ्या संस्थांच्या प्रतिनिधींनी मिळून सरकारकडे एक अर्ज केला, की आमच्याकडच्या या मरणांवर काहीतरी करा. आम्हाला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. योजना वरून खाली आली नाही, मागणी खालून वर गेली. पुढच्याच वर्षी काम सुरू झालं आणि त्याची धुरा पेक्का पुस्का नावाच्या २७ वर्षांच्या डॉक्टरांकडे आली. जागतिक आरोग्य संघटनेची माणसंही सल्ल्याला होती.

त्यांनी मोठं हॉस्पिटल बांधून सुरुवात केली नाही. आधी मोजलं. १९७२ मध्ये ३० ते ५९ वयाच्या हजारो बाया-पुरुषांना चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडलं, आणि तीन गोष्टी तपासल्या: तंबाखू ओढता का, रक्तातलं कोलेस्टेरॉल किती, बीपी किती. शेजारच्या कुओपियो जिल्ह्यातही तीच तपासणी केली, म्हणजे पुढे फरक पडला तर कुठे पडला ते कळावं. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातला चरबीसारखा पदार्थ. थोडा शरीराला लागतोच, पण जास्त झाला की नसांच्या आतून थर धरतो, जसा पाण्याच्या पाइपात क्षार धरतो. हृदयाला रक्त पुरवणारी नस अशी अरुंद झाली आणि तिच्यात एखाद्या दिवशी गुठळी अडकली, की झटका.

आकडे आले ते डोळे पांढरे करणारे होते. पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल आपल्याकडच्या लॅबच्या हिशेबाने २६७ च्या घरात. आपले डॉक्टर २०० च्या आत ठेवा म्हणतात. ते आजारी माणसांचं नव्हतं बरं, अख्ख्या जिल्ह्याच्या चालत्या-फिरत्या माणसांचं सरासरी होतं. पुरुषांचं सरासरी बीपी १४९ वर ९२. आणि बायकांचं? १५३ वर ९२. पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त! ओढणारे पुरुष शंभरात ५२, बायका १०.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हुकतं. डेअरीत आपण दूध घालतो. कुणाच्या दुधाला फॅट कमी, कुणाच्या जास्त, पण सगळं शेवटी एकाच टाकीत जातं आणि टाकीची एक सरासरी निघते. गावाच्या बीपीचं तसंच आहे. ज्यांचं बीपी फारच वाढलंय अशी माणसं मोजकी असतात, डॉक्टरांचं लक्ष त्यांच्याकडे असतं. पण थोडंसं वाढलेली माणसं गावात ढिगाने असतात. एकेकाचा धोका बारीक वाटतो, पण माणसं इतकी असतात की एकूण झटके त्यांच्यातूनच जास्त येतात. म्हणून पुस्कांच्या माणसांनी ठरवलं, पाच-पंचवीस रुग्णांच्या मागे लागून भागणार नाही, अख्ख्या टाकीची सरासरी खाली यायला हवी. म्हणजे सगळ्यांच्याच ताटात थोडा थोडा बदल.

ताट कुणाच्या हातात? आता येतात आपल्या मार्था मंडळाच्या बायका.

फिनलंडमध्ये १८९९ साली बायकांची एक संघटना सुरू झाली, तिचं नाव मार्था. घरकाम, स्वयंपाक, परसबाग, काटकसर असं सगळं बायकांनी बायकांना शिकवायचं, गावोगावी मंडळं काढायची. आपल्या महिला मंडळाची सख्खी बहीणच म्हणा. उत्तर कारेलियातही मार्थाची मंडळं होती आणि त्यांना गावातलं प्रत्येक स्वयंपाकघर माहीत होतं. कुठल्या घरात कोण अडून बसेल आणि कुणाचं ऐकेल, हे डॉक्टरांना कुठून कळणार?

डॉक्टरांची भाषणं लोक ऐकत होते आणि घरी जाऊन पावाला लोणी फासत होते. मग मार्थाच्या बायकांनी "दीर्घायुष्याच्या संध्याकाळी" सुरू केल्या. गावाच्या सभागृहात सगळ्यांना जेवायला बोलवायचं. तिथेच चुली मांडायच्या, सगळ्यांनी मिळून रांधायचं, डॉक्टरांनी चार शब्द बोलायचे ते थोडक्यात, आणि मग जेवायचं. कारेलियाचा एक पिढीजात पदार्थ आहे, मांसाचा रस्सा, भट्टीत तासन् तास मंद शिजवलेला. मार्थाच्या बायकांनी तो बंद करा असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी माणसं उठून गेली असती! त्यांनी चरबीदार मांस कमी केलं, गाजर, बटाटे आणि सलगमच्या जातीचा तिथला एक कंद वाढवला, मीठ कमी केलं. नाव तेच, भांडं तेच. काही पुरुषांनी नाकं मुरडली. सशाचा चारा म्हणून चेष्टाही झाली. पण वाटीतला रस्सा संपत होता.

याशिवाय गावागावांतून शेकडो साध्या माणसांना थोडंसं प्रशिक्षण दिलं. दुकानदार, शेतकरी, मंडळाच्या बायका. काम एवढंच, की शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचं. रेडिओ आणि वर्तमानपत्रंही मदतीला होती. पुढे टीव्हीवर सिगारेट सोडण्याचे कार्यक्रम झाले. आणखी काही वर्षांनी गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याची चुरस लावली, आपल्याकडे स्वच्छ गावाची स्पर्धा लागते तशी.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. लोणी कमी खा म्हटल्यावर गाई पाळणारा माणूस काय म्हणेल? जिल्हा दुधावर जगणारा. दूधवाल्यांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचं काही चूक होतं असं आम्हाला वाटत नाही. ज्याची भाकरी दुधावर आहे, त्याला तुमच्या लोण्याने माणसं मरतात असं सांगायचं आणि वर सोडून द्यायचं, हा न्याय नव्हे. त्यावर तोड निघायला वेळ लागला. कमी सायीचं दूध बाजारात आलं. दुधाचा भाव नुसत्या फॅटवर ठरायचा, तो प्रथिनांवरही ठरू लागला. थंडीत तग धरणारं मोहरीच्या कुळातलं एक तेलबी तिथे पिकायला लागलं, त्यामुळे स्वयंपाकाचं तेल देशातच मिळू लागलं. १९८० च्या दशकात शेतकऱ्यांना बेरीची लागवड करायला मदत दिली. बेरी म्हणजे तिकडची करवंदं-जांभळं समजा. तिथल्या हवेत ती छान येतात. आपल्यापैकी ज्या दुधाचा धंदा करतात, त्यांनी हा भाग घरी जरूर सांगावा. खाण्याच्या सवयी बदलताना पिकवणाऱ्याचा संसार मोडू नये, एवढी अक्कल तिथल्या लोकांनी दाखवली.

मिठाचंही तसंच. फिनलंडची माणसं सत्तरच्या सुमारास दिवसाला बारा ग्रॅमच्या वर मीठ खात होती. पाव, मांस, मासे, सगळ्यातच मीठ. पाव करणाऱ्या बेकऱ्यांनी ते थोडं थोडं घटवलं, आणि १९९३ पासून तर जास्त मीठ असलेल्या पदार्थाच्या पुड्यावर तसं छापायचा कायदा झाला. हळूहळू घटवलं की जिभेला कळतही नाही, हे ज्यांनी घरात करून पाहिलंय त्या सांगतील.

दर पाच वर्षांनी पुन्हा तीच मोजणी. १९७७ ला पहिला निकाल आला तेव्हा उत्तर कारेलियात शेजाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. मग तेच काम सगळ्या देशात नेलं. २००७ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल २६७ वरून २१० च्या आत आलं होतं. ओढणारे पुरुष शंभरात ५२ होते, ते ३१ झाले. बायकांचं वरचं बीपी १५३ वरून १३४. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप, ती मरणं? लाखामागे ६७२ ची जागा २००६ मध्ये १०३ ने घेतली होती. शंभरातले पंच्याऐंशी वाचले म्हणा.

कुणी म्हणेल, नवी औषधं आली, ऑपरेशनं आली, त्याने झालं असेल. तेही तपासून पाहिलंय. १९९२ पर्यंत पुरुषांचे मृत्यू जेवढे घटले, त्यातला साधारण तीन चतुर्थांश हिस्सा नुसत्या या तीन गोष्टी खाली आल्यामुळे होता, आणि त्यातही कोलेस्टेरॉलचा वाटा सगळ्यात मोठा. बीपी उतरण्यात गोळ्यांचाही हात होता. तिथल्या आरोग्यसेविका बीपीवाल्यांची नोंद ठेवून पाठपुरावा करत. त्यामुळे हे ऐकून कुणी आपली गोळी बंद करू नका, एवढं मध्येच सांगून ठेवतो.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती लपवणं बरोबर नाही. पुरुषांचं ओढणं घटत होतं त्याच वर्षांत बायकांचं वाढलं, शंभरात १० वरून १८ वर. माणसांची वजनंही वाढली. कष्टाची कामं यंत्रांकडे गेली, पोटं सुटली. आणि २००७ ते २०१२ या पाच वर्षांत कोलेस्टेरॉल, जे इतकी वर्षं उतरत होतं, ते पुन्हा थोडं वर सरकलं. त्या काळात तिकडे भाकरी-पाव सोडा आणि लोणी खुशाल खा असं सांगणाऱ्या आहाराची टूम आली होती. चाळीस वर्षांचं काम, पण पुन्हा लोण्याकडे हात जायला पाच वर्षं पुरली.

आणि आपल्याकडे? तिकडचा आलेख उतरत असताना आपला चढत होता. १९९० साली भारतात शंभर मृत्यूंपैकी हृदयविकार आणि पक्षाघात मिळून साधारण १५ मृत्यू होते, २०१६ साली २८. आपल्या आजी-पणजीच्या काळात बाळंतपण, पटकी, क्षय यांनी माणसं जात. ते बऱ्यापैकी आटोक्यात आलं, माणसं जास्त जगू लागली, आणि त्याच वेळी ताट बदललं.

आमचं एक म्हणणं आहे. फिनलंडचं लोणी इथे जसंच्या तसं आणून चालणार नाही. आपल्या घरात गरम भातावर चमचाभर तूप पडतं, त्याने गाव बुडत नाही. आपलं लोणी वेगळ्या रूपात येतं. किराणा दुकानात माळेने टांगलेले पाच-दहा रुपयांचे पुडे पाहा. त्यावरची बारीक अक्षरं शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, पाम तेल बहुतेक सापडेल, आणि मीठ तर आहेच. त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळलेले वडे, डालड्यातल्या खाऱ्या, बाजारच्या दिवशी आणलेलं फरसाण. घरात लोणचं, पापड, ठेचा. आणि तंबाखू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक तंबाखू वापरत होते, बहुतेक न ओढता. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून आपण सुटलो असं नाही. मिश्रीचं काय? सकाळी दाताला लावायची, मग दुपारी, मग चहा झाल्यावर. दात साफ करायची वस्तू म्हणून तिला कुणी व्यसनात धरत नाही. तिच्यातही तंबाखूच आहे, आणि ती रक्तात उतरून हृदयापर्यंत जाते.

गटाने काय करावं, असं तुम्ही विचाराल. पहिलं काम मार्थाच्या बायकांच्याही आधीचं, मोजायचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईचं आणि पुरुषाचं बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताई त्याचा फॉर्म भरून घेतात. बैठकीच्या दिवशीच त्यांना बोलवा, बचतीच्या वहीत शेवटचं एक पान बीपीसाठी ठेवा. कुणाचं वरचं १४० च्या किंवा खालचं ९० च्या वर निघालं, तर घाबरायचं नाही, पण पुन्हा तपासायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. बाईचं बीपी वाढलं की घरात "चिडचिड करते म्हणून वाढलं" असं म्हणतात. तेवढ्यावर सोडू नका.

दुसरं काम मिठाचं. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. आता पाच मोठ्या माणसांचं घर धरा. रोजचे पंचवीस ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. बाहेरच्या फरसाणातलं मीठ यात धरलेलंच नाही, तेव्हा खरं तर त्याहून जास्त दिवस. आज पुडा फोडाल त्यावर पेनाने तारीख लिहा, आणि संपेल त्या दिवशी दुसरी तारीख. गुरांना घालायचं मीठ वेगळ्या पुड्यातलं घ्या, नाहीतर हिशेब गुरं खाऊन टाकतील. लोणच्याच्या महिन्यातही हा हिशेब मांडू नका.

पुडा पंचवीस दिवसांतच संपला तर एकदम निम्म्यावर आणायला जाऊ नका, घरची माणसं ताट सरकवतील. आमटीत चिमूटभर कमी, कणकेत आणि भातात घालत असाल तर ते बंद, ताटाच्या कडेला वाढायचं मीठ बंद. दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक चिमूट. चिंच, आमसूल, लिंबू थोडं जास्त वापरलं की कमी मीठ झाकून जातं.

पुढच्या भागात आम्ही मिश्री सोडलेल्या बायकांशी बोलणार आहोत. तोवर तुमच्या गटातल्या घरांच्या मिठाच्या पुड्यांच्या तारखा एका कागदावर लिहून आपल्या केंद्रावर पोचवा. घरांची नावं नकोत, नुसती माणसं किती आणि दिवस किती. सगळ्या गटांचे कागद आले की आपल्या सगळ्या गावांची मिळून सरासरी काढू आणि इथेच वाचून दाखवू.